नव्या न्यूरॉनच्या जोडण्या पाहायच्या असतील तर आधी तारखा मांडा

प्रौढ उंदराच्या मेंदूत दोन ठिकाणी नवे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, तयार होत राहतात. पहिली जागा मेंदूतल्या बाजूच्या पोकळ्यांच्या भिंतीत आहे. तिथं जन्मलेल्या पेशी पुढं सरकत सरकत गंधकंदापर्यंत जातात. दुसरी जागा हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागातला डेंटेट जायरस. इथल्या पेशी फारशा हलत नाहीत. जवळच्याच ग्रॅन्यूल पेशींच्या थरात बस्तान मांडतात आणि आधीपासून चालू असलेल्या जाळ्यात शिरायला बघतात. बहुतेक पेशींना ते जमत नाही आणि त्या मरतात. ज्यांना जमतं त्यांना ते कसं जमतं, हे पाहण्याचा प्रयोग कसा आखायचा, ते इथं सांगतो. फक्त डेंटेट जायरसपुरतं बोलेन, कारण नवशिक्याला तीच जागा सोपी जाते.

बडोद्यात एम.एस्सी.चा प्रकल्प हाती घेतलेले किंवा पीएच.डी.ला नुकतेच लागलेले, घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि प्रयोगशाळेत इंग्रजी बोलणारे विद्यार्थी डोळ्यांपुढं ठेवून लिहितो आहे. सगळी यंत्रं हाताशी नसतात हे धरूनच चाललो आहे. पण यंत्रांची चिंता नंतर. या कामात सूक्ष्मदर्शकाआधी दिनदर्शिका लागते. १४ दिवसांच्या पेशीवर उत्तेजक सिनॅप्स, म्हणजे तिला चेतवणाऱ्या जोडण्या, जेमतेम दिसू लागलेले असतात, २८ दिवसांच्या पेशीवर ते भरभरून असतात. पेशीचं वय नक्की माहीत नसेल तर तिच्या जोडण्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं एकही वाक्य टिकणार नाही.

पेशीचं वेळापत्रक पाठ करा

पेशी जन्मली तो दिवस शून्य धरा. पहिल्या काही दिवसांतच मोठी गळती होते. मेलेल्या पेशी मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी, गिळून टाकतात. उरलेल्या पेशी एका बाजूनं डेंड्राइट, म्हणजे निरोप घेणाऱ्या फांद्या, आणि दुसऱ्या बाजूनं निरोप पुढं नेणारा तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन वाढवायला लागतात.

या काळात त्यांच्यापर्यंत पोचणारा पहिला संदेश गाबा या रसायनाचा असतो. प्रौढ न्यूरॉनला गाबा गप्प करतो, पण या कोवळ्या पेशींना तो चेतवतो. कारण त्यांच्या आत क्लोराइड जास्त साठलेलं असतं. एनकेसीसी१ नावाचा वाहक ते आत ओढत राहतो. गाबाचं दार उघडलं की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशीचा विद्युतदाब वर जातो. हे नुसतं रासायनिक कुतूहल नाही. २००६ मध्ये नव्या पेशींमधला हाच वाहक बंद पाडून पाहिला गेला, तेव्हा त्यांच्यावरचे सिनॅप्स तयार व्हायला उशीर झाला आणि डेंड्राइटची वाढही खुंटली. म्हणजे नंतरच्या जोडण्यांची तयारी गाबाचा हा सुरुवातीचा धक्काच करून देतो. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात गाबा म्हणजे ब्रेक एवढंच शिकवलं जातं, त्यामुळे तोंडी परीक्षेत मुलं इथं हमखास अडखळतात.

अ‍ॅक्सॉन हिप्पोकॅम्पसमधल्याच सीए३ या पुढच्या टप्प्यात १०–११ दिवसांत पोचतो. डेंड्राइटवर पहिले स्पाइन, म्हणजे उत्तेजक सिनॅप्स घेणारे बारीक उंचवटे, त्यानंतर ५–६ दिवसांनी, साधारण १६व्या दिवशी दिसू लागतात. हा क्रम लक्षात ठेवा: पेशीची पुढं जाणारी वाट आधी टाकली जाते, उत्तेजक निरोप आत घेण्याची सोय मागून होते. हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून येणारे ग्लुटामेटचे, म्हणजे उत्तेजक, सिनॅप्स दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि तिसऱ्या आठवड्यात बसतात. स्पाइन सर्वांत वेगानं वाढतात ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि त्यांच्या आकारातले बदल तर त्यानंतर कित्येक महिने चालू राहतात.

तिसरा आठवडा मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. २००६ मध्येच दुसऱ्या एका प्रयोगात मोजक्या नव्या पेशींमधून एनएमडीए रिसेप्टर या ग्लुटामेट टिपणाऱ्या प्रथिनाचा आवश्यक भाग काढून टाकला होता, शेजारच्या पेशी मात्र शाबूत ठेवल्या होत्या. त्या पेशी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भराभर मेल्या. शेजाऱ्यांना संदेश मिळतो आणि आपल्याला तो नीट घेता येत नाही, एवढ्यावरून पेशीचं जगणं-मरणं ठरतं. म्हणून तुमच्या प्रयोगात उंदरांना पळायला चक्र द्यायचं असो की एखादं औषध, ते तिसऱ्या आठवड्याच्या आधी दिलं, त्याच आठवड्यात दिलं की नंतर, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

त्यानंतर, साधारण महिना ते दीड महिन्याच्या वयात, या पेशींचे सिनॅप्स जुन्या पेशींपेक्षा सहज बळकट होतात. दोन महिन्यांच्या झाल्या की हा फरक मावळतो.

आता तारखा कागदावर

उंदीर सी५७बीएल/६ जातीचे, ८ आठवड्यांचे घ्या. वय वाढतं तसा नव्या पेशींचा जन्मदर झपाट्यानं घसरतो, त्यामुळे एका गटात ८ आठवड्यांचे आणि दुसऱ्यात १४ आठवड्यांचे असं चालणार नाही. नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात नकोत, आणि दोन्ही घेतले असतील तर गटांमध्ये सारखे वाटा.

समजा शून्य दिवस १ जानेवारीला ठेवला. मग १४ जानेवारी हा तेरावा दिवस, म्हणजे ग्लुटामेटचे सिनॅप्स बसायला लागतात नेमका तेव्हा उत्तरायण. गच्चीगच्चीवर लाऊडस्पीकर, रात्री फटाके, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला प्राणीगृहातले भाईही सुट्टीवर. ताणामुळे डेंटेट जायरसमधल्या नव्या पेशी कमी होतात हे १९९० च्या दशकापासून अनेक प्राण्यांमध्ये दिसलेलं आहे. तुमच्या प्रयोगाला असा ताण तिथून नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर नवरात्र. बडोद्याचे गरबे मलाही जिवापाड प्रिय आहेत, पण मैदानाजवळच्या इमारतीतल्या उंदरांना ते नऊ रात्री ऐकावे लागतात. दिवाळीच्या सुट्टीत पिंजरे बदलण्याचं वेळापत्रक कोलमडतं आणि मे महिन्यात एसी बंद पडला तर खोली २२ अंशांवर राहत नाही.

म्हणून शून्य दिवस २० जानेवारीला ठेवा. २५ नोव्हेंबरच्या आसपास जन्मलेली पिल्लं तेव्हा बरोबर ८ आठवड्यांची होतात, त्यामुळे जोड्या लावण्याची तारीख तिथून उलटी मोजा. उंदराचा गर्भकाळ साधारण २० दिवसांचा. अ‍ॅक्सॉन सीए३ मध्ये पोचतो ३० जानेवारीच्या सुमारास. पहिले स्पाइन ५ फेब्रुवारीला. २१वा दिवस १० फेब्रुवारी, २८वा १७ फेब्रुवारी, आणि लीप वर्ष नसेल तर ५६वा दिवस १७ मार्च. या तारखा पिंजऱ्याच्या कार्डावर गुजरातीतही लिहा. पिंजरे सांभाळणाऱ्या माणसाला कुठल्या आठवड्यात उंदरांना हात लावायचा नाही हे कळलं, तर तो तुमच्यापेक्षा जास्त काळजी घेतो.

परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून त्या किमान काही महिने आधी मागा. प्राण्यांवरचा कोणताही प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती त्यावर देखरेख ठेवते. विषाणू वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी. अर्जात उंदरांची संख्या का एवढी, हे गणितानं दाखवा.

जन्मतारखेची खूण

पेशीवर जन्मतारीख उमटवायचे दोन मार्ग आहेत, आणि कुठला घ्यायचा ते तुमच्या प्रश्नावर ठरतं.

पहिला मार्ग बीआरडीयू. विभाजनाआधी पेशी डीएनएची प्रत काढते तेव्हा थायमिडीनच्या जागी हा रेणू घुसतो आणि कायमचा राहतो. याच कल्पनेची जुनी आवृत्ती, किरणोत्सर्गी थायमिडीन, वापरून जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये प्रौढ सस्तन प्राण्यांत नवे न्यूरॉन होतात की काय असा प्रश्न मांडला, आणि १९६५ मध्ये ऑल्टमन व गोपाल दास यांनी उंदराच्या मोठ्या भाईबंदाच्या, म्हणजे रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते दाखवले. त्यावर बराच काळ कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. हे दास आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवेत असं मला फार वाटतं.

बीआरडीयू सलाइनमध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात कोमट करून विरघळवा, उजेडापासून झाका. मात्रा वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, पोटाच्या पोकळीत. २५ ग्रॅमच्या उंदराला १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१२५ मिलिलिटर. शरीरात तो दोनेक तासच उपलब्ध असतो, त्यामुळे एका इंजेक्शननं जन्मतारीख नेमकी मिळते पण पेशी कमी मिळतात. अनेक दिवस देत राहिलात तर पेशी वाढतात आणि तारीख पसरते. जोडण्यांच्या अभ्यासात मी एकाच दिवसात संपवण्याच्या बाजूचा आहे. हा पदार्थ डीएनएत शिरतो, तुमच्याही. हातमोजे दुहेरी घाला आणि पहिल्या दिवसांतलं पिंजऱ्यातलं तूस वेगळं टाका.

बीआरडीयूची मोठी मर्यादा म्हणजे तो फक्त केंद्रक रंगवतो. पेशी जगली का, न्यूरॉन झाली का, हे कळतं. तिनं हात कुठं पसरले ते कळत नाही. सोबत डबलकॉर्टिन रंगवलं तर कोवळ्या पेशींचे डेंड्राइट सुंदर दिसतात, पण हे प्रथिन सूक्ष्मनलिकांना चिकटतं आणि स्पाइनमध्ये भरत नाही. शिवाय तीन-चार आठवड्यांनंतर ते ओसरतं. डबलकॉर्टिनच्या चित्रावरून स्पाइन मोजणारे प्रबंध लिहिले जाऊ नयेत.

स्पाइन बघायचे तर दुसरा मार्ग: हिरवं चमकणारं जीएफपी प्रथिन वाहणारा रेट्रोव्हायरस. उंदराच्या ल्युकेमिया विषाणूपासून बनवलेला हा वाहक केंद्रकाचं आवरण विरघळलेलं असतानाच आत शिरू शकतो, म्हणजे फक्त विभाजन होत असलेल्या पेशीत. परिपक्व न्यूरॉन विभाजित होत नाहीत, त्यामुळे ते अंधारातच राहतात. हिरवी झालेली प्रत्येक पेशी साधारण त्याच दिवशी जन्मलेली, आणि जीएफपी तिच्या टोकाटोकापर्यंत पसरतं. २००२ मध्ये याच पद्धतीनं नवे न्यूरॉन खरोखर काम करतात हे विद्युत नोंदींसह दाखवलं गेलं.

भूल देऊन उंदराचं डोकं स्टिरिओटॅक्सिक चौकटीत बसवा. ब्रेग्मा या कवटीच्या सांध्यापासून २ मिलिमीटर मागं, मध्यरेषेपासून १.५ मिलिमीटर बाजूला, पृष्ठभागापासून साधारण २.३ मिलिमीटर खोल. हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमच्या उंदरांवर आधी रंग टोचून काप पाहा आणि दुरुस्त करा. ब्रेग्मा आणि मागचा लॅम्डा एका पातळीत आहेत ना, हे मोजल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. एक ते दीड मायक्रोलिटर विषाणू अगदी सावकाश सोडा, आणि सुई लगेच वर ओढू नका, नाहीतर द्रव सुईच्या वाटेनं वर येतो आणि कॉर्टेक्स हिरवं होतं. भुलीबद्दल एक सांगणं: केटामिन स्वतः एनएमडीए रिसेप्टर अडवतं. शून्य दिवशी एकदा दिलं तर सगळ्या गटांत सारखं द्या, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा भूल द्यावी लागणार असेल तर आयसोफ्लुरेनची सोय बघा. वेदनाशामक विसरू नका.

विषाणू बनवायची सोय नसेल तर लाजायचं कारण नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याबरोबर काम करा, आणि तोवर बीआरडीयूवर हात बसवा.

मेंदू काढणे, काप, रंग

ठरलेल्या दिवशी खोल भूल देऊन हृदयातून आधी थंड बफर, मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. यकृत फिकट झालं की रक्त गेलं असं समजा. मेंदू रात्रभर त्याच द्रावणात, मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात तो तळाला बसेपर्यंत. ४० मायक्रॉनचे काप, क्रमानं. दर सहावा काप एका वाटीत टाकत गेलात की सहा वाट्या होतात आणि प्रत्येक वाटीत पूर्ण हिप्पोकॅम्पसचा नमुना असतो, २४० मायक्रॉनच्या अंतरानं.

बीआरडीयूसाठी डीएनएचे पदर उघडावे लागतात: २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ३७ अंश, ३० मिनिटं, मग ८.५ पीएचच्या बोरेट बफरनं उदासीन. हे आम्ल जीएफपीची चमक मारतं, म्हणून एकाच कापावर दोन्ही हवे असतील तर बीआरडीयूच्या जागी ईडीयू हा तसाच दुसरा रेणू वापरा. त्याला आम्ल लागत नाही. न्यूरॉनची ओळख पटवायला न्यूएन, आणि ती ग्रॅन्यूल पेशीच आहे हे दाखवायला प्रॉक्स१, ही प्रथिनं अँटिबॉडीनं रंगवा. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत स्लाइड लवकर वाळत नाहीत. कव्हरस्लिप घाईनं लावली तर खाली बुडबुडे येतात आणि नेमक्या हव्या त्या जागी येतात.

स्पाइन मोजताना

कॉन्फोकल, म्हणजे खोलीतली एकेक पातळी वेगळी टिपणारा सूक्ष्मदर्शक, लागतोच. ६३ पट, तेलात बुडवायचं, १.४ अंकीय छिद्राचं (न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर) भिंग घ्या, आणि खोलीतली पावलं अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठी नकोत. ग्रॅन्यूल पेशींचे डेंड्राइट जिथं पसरतात त्या आण्विक थराचे तीन भाग पाडा, आणि डेंड्राइटचा तुकडा कुठल्या भागातला आहे हे प्रत्येक चित्रावर लिहा. बाहेरचा आणि मधला भाग एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून निरोप घेतो, आतला भाग मुख्यतः हिप्पोकॅम्पसमधल्याच मॉसी पेशींकडून. तिन्ही एकत्र मिसळले तर कोणाशी जोडणी वाढली हेच हरवतं. लांबी मायक्रॉनमध्ये, स्पाइन दर १० मायक्रॉनला किती, आणि मोठ्या डोक्याचे, छत्रीसारखे स्पाइन वेगळे मोजा, कारण ते सहसा अधिक पक्के आणि टिकाऊ असतात. फाइलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. कुठला गट आहे हे माहीत असलेल्या डोळ्याला जास्त स्पाइन दिसतात.

स्पाइन दिसला म्हणून सिनॅप्स आहे असं नाही

स्पाइनची मान इतकी बारीक असते की साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर जाते, आणि समोर कोण आहे हे तर मुळीच दिसत नाही. खरी जोडणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: एका बाजूला पुटिका, मध्ये फट, पलीकडे गडद पट्टी. १९७७ मध्ये मायकल कॅप्लन यांनी रॅटमधल्या नव्या पेशींवर असे सिनॅप्स दाखवले होते. पण ते कसे जमतात याचं उत्तर २००७ मध्ये निकोलस टोनी आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत देखणा निष्कर्ष आहे.

त्यांना दिसलं की नव्या पेशीच्या डेंड्राइटवरचे कोवळे तंतू मोकळ्या जागेत आपला जोडीदार शोधत बसत नाहीत. ते अशा अ‍ॅक्सॉनच्या गाठींकडे जातात ज्या आधीच दुसऱ्या न्यूरॉनशी जोडलेल्या असतात. पेशी कोवळी असताना तिचे बरेच सिनॅप्स अशा सामायिक गाठींवर असतात, आणि वय वाढतं तशी एकट्या तिच्याच गाठींची संख्या वाढते. जुन्या वाड्यात नव्यानं आलेलं बिऱ्हाड आधी चौकातल्या सामायिक नळावर पाणी भरतं आणि पुढं त्याचा स्वतःचा नळ होतो, तसं. जुना जोडीदार तिथून हटतो की नवी गाठच तयार होते, हे एका स्थिर चित्रावरून सांगता येत नाही. तुम्हाला ते तपासायचं असेल तर दोन वयांचे उंदीर लागतीलच. २८व्या आणि ५६व्या दिवसाच्या तारखा मी वर याचसाठी मांडल्या.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बाहेरच्या संस्थेत जावं लागलं तर काप काढण्याआधीच त्यांच्याशी बोला. फिक्सेटिव्हमध्ये थोडं ग्लुटारल्डिहाइड लागतं, ते नंतर घालून भागत नाही. जीएफपीला अँटिबॉडीनं गडद तपकिरी रंग दिला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुमची पेशी काळसर ओळखू येते.

जोडणी चालते का, हे पाहायचं तर जिवंत कापातल्या हिरव्या पेशीवर पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेच्या बारीक नळीनं घेतलेली विद्युत नोंद. कोवळ्या पेशीचा विद्युतरोध प्रौढ पेशीपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे थोडासा प्रवाहही तिला पेटवतो. उलट दिशेनं, नवी पेशी सीए३ ला काय कळवते ते पाहायचं तर नव्या पेशीत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन भरून पलीकडे नोंद घेतात. अशा नोंदींत दोन आठवड्यांच्या सुमारास जोडण्या सुरू झालेल्या आणि चार आठवड्यांपर्यंत स्थिरावलेल्या दिसल्या. कोण निरोप पाठवतो हे शोधायला एकच सिनॅप्स ओलांडणारा बदललेला रेबीज विषाणू आहे, आणि त्यात आधी जवळचे, हिप्पोकॅम्पसमधलेच न्यूरॉन व नंतर दूरचं कॉर्टेक्स असा क्रम दिसतो. ही तिन्ही कामं एम.एस्सी.च्या प्रकल्पात बसत नाहीत. पीएच.डी.त त्यातलं एक निवडा.

आकडे मांडताना

एका उंदरातून ३० डेंड्राइटचे तुकडे मोजले म्हणजे नमुना ३० होत नाही. तो एकच राहतो. प्रत्येक उंदराची सरासरी काढा आणि गटांची तुलना त्या सरासऱ्यांवर करा, किंवा उंदीर हा स्तर धरणारं सांख्यिकी प्रारूप वापरा. एकाच वेतातली भावंडं एका गटात कोंबू नका. विषाणू चुकीच्या जागी पडला म्हणून कुठला उंदीर वगळायचा याचा नियम चित्रं पाहण्याआधी वहीत लिहून त्यावर तारीख टाका. प्रबंधात प्रत्येक आलेखाखाली पेशीचं वय, आण्विक थराचा भाग, उंदरांची संख्या आणि मोजणाऱ्याला गट माहीत होता की नाही, या चार गोष्टी द्या. सहा वाट्यांपैकी वापरल्या नाहीत त्या ग्लिसरॉल आणि इथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात उणे २० अंशांवर ठेवा. परीक्षकानं नवी अँटिबॉडी मागितली तर त्या कामी येतात.